सभेनंतरचं जेवण

आमच्या कॉलनीच्या वार्षिक सभेत गेल्या आखाडात जो ठराव झाला, तो एकमतानं झाला असं इतिवृत्तात लिहिलंय. एकमतानं! वा रे वा! बत्तीस बंगले, बत्तीस कुटुंबं, आणि एकालाही काही वेगळं वाटलं नाही म्हणे. मला वाटलं होतं. पण मी तोंड उघडलं नाही, आणि जो गप्प बसतो त्याला एकमतातच धरतात. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तरी अध्यक्षांच्या गाडीचा नुसता हॉर्न ऐकला तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ठराव गाळ्याचा होता. आमची कॉलनी कोल्हापूरच्या बाहेर, हायवेच्या अंगाला. फाटकाला लागून चार गाळे, कॉलनीच्याच मालकीचे. एकात इस्त्रीवाला, एकात औषधांचं दुकान, एक कायम बंद, आणि चौथ्यात मावशीची खानावळ. मावशी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. पण आमच्याकडं स्वयंपाक करणारी, भांडी घासणारी, फरशी पुसणारी प्रत्येक बाई मावशीच असते. नातं लावलं की नाव विचारायचा प्रश्न मिटतो. मीही तिला मावशीच म्हणायचे आणि ती मला वहिनी.

आमचं घर बांधायला काढलं तेव्हा कॉलनीत तीनच बंगले उभे होते. मावशीचा नवरा तिथंच सेंट्रिंगच्या कामावर होता. त्याच्या पाठीनं दगा दिला, तो खोलीवर बसून राहिला, आणि हिनं गवंड्यांसाठी भाकरी आणि कालवण करायला सुरुवात केली. पहिली चूल तीन विटांची. गाळे बांधून झाल्यावर एक गाळा तिला मिळाला, दर वर्षी करार नवा करायचा या बोलीवर. मी साइटवर यायची, विटांच्या ढिगावर बसून तिच्या हातची गरम भाकरी खायची. मी गारगोटीची. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मला विटांच्या ढिगावर बसून जेवायची लाज वाटायचं काही कारण नव्हतं. लाज नंतर शिकले, घर झाल्यावर.

घर झालं ते मात्र झकास झालं. नवऱ्याची फाउंड्री चालायला लागली होती. आमच्याकडं दोन किचन आहेत. पुढचं दाखवायचं, मागचं राबायचं. पुढच्यात इटलीहून आलेला ओटा आहे, त्यावर आजतागायत एक कांदा चिरलेला नाही. हसू नका, कॉलनीत बत्तीसपैकी निदान वीस घरांत हेच आहे. प्रत्येकाकडं ट्रेडमिल आहे आणि प्रत्येकाच्या ट्रेडमिलवर टॉवेल वाळत असतात. पोरं परदेशात किंवा पुण्या-बेंगळुरात, आणि आम्ही पन्नाशीतले नवरा-बायको सहा सहा खोल्या राखत बसलेलो. मग करायचं काय? आयुष्य सुधारायचं! एका वर्षी सगळ्यांनी साखर सोडली. एका वर्षी सगळे व्हिएतनामला जाऊन आले. एका वर्षी नाचणी आली. नाचणी! माझ्या आईनं आंबील पाजून पाजून आम्हाला वाढवलं, आम्ही नाक मुरडायचो, आणि आता अध्यक्षीणबाई मला चांदीच्या वाटीत तीच आंबील देऊन सांगतात, "रागी ट्राय करून बघा हं, डायजेशनला बेस्ट." मी म्हणाले, "हो का? छान लागतंय." मला म्हणायचं होतं, कप्पाळ तुझं. पण म्हणाले, छान लागतंय. माझं कॉलनीतलं सगळं आयुष्य असल्या 'छान लागतंय'मध्ये गेलंय.

बोलणंसुद्धा बदललं. आमच्याकडं बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात. पहिल्याच हळदी-कुंकवाला मी "येतो हं" म्हणून उठले तर दोघीतिघी तोंडावर रुमाल धरून हसल्या. त्याही कोल्हापुरातल्याच, त्यांच्या आयाही तशाच बोलायच्या! तेव्हापासून मी 'येते' झाले. फक्त मावशीच्या गाळ्यात गेलं की जीभ सुटायची.

पुराच्या वर्षी कॉलनीला पाणी लागलं नाही, पण रस्ते बंद झाले. दूध नाही, भाजी नाही, गॅस नाही. इटलीच्या ओट्यांचं काय लोणचं घालायचं? मावशीकडं पिठाची पोती होती आणि सरपण होतं. तिनं चार दिवस बत्तीस घरांना पिठलं-भात घातला. गुडघाभर चिखलातनं डबे पोचवले. पाणी उतरल्यावर अध्यक्षांनी तिला क्लबहाउसमध्ये बोलावून शाल-श्रीफळ दिलं, भाषण केलं, "या आमच्या कॉलनीच्या अन्नपूर्णा आहेत" म्हणाले. सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. मीही काढला. शाल कसली, ती दुसऱ्या दिवसापासून पातेलं उतरवताना धरायला वापरायची. मला तिचं तेच आवडायचं.

आणि याच अन्नपूर्णेचा गेल्या वर्षी वास यायला लागला.

सुरुवात ग्रुपवर झाली. कुणीतरी लिहिलं, सकाळी वॉकला बाहेर पडलं की फाटकापाशीच फोडणीचा भपकारा येतो. खाली अंगठ्यांची रांग लागली. मग कुणी लिहिलं, खानावळीच्या बाकड्यावर ट्रकवाले असतात, एमआयडीसीतले कामगार असतात, 'एन्ट्रन्सचा लुक' जातो. मग एकीची सून अमेरिकेहून आली होती, तिनं म्हणे विचारलं, "गेटपाशी हे काय आहे?" झालं! तिनं विचारलं म्हणजे संपलंच. बरं, हे लोक शाकाहारी आहेत म्हणाल तर तसंही नाही. बुधवारी आणि रविवारी दुपारी बाराच्या आत प्रत्येक बंगल्यातनं किटली घेऊन ड्रायव्हर मावशीकडं रश्शाला जायचा. रस्सा हवा, पण तो शिजताना दिसायला नको. खाणारा ट्रकवालाही दिसायला नको, कारण तोही तोच रस्सा खातो. हे मी त्यांच्याबद्दल सांगतेय, पण माझीही किटली असायचीच की त्या रांगेत.

अध्यक्षांनी तोडगा काढला. वार्षिक सभेत ठराव करायचा. मावशीचा करार संपतोच आहे, तो पुढं वाढवायचा नाही, आणि त्या गाळ्यात कॉफीचं दुकान आणायचं. काचेचं. अध्यक्ष हे गुळाच्या पेढीवाले. आवाज गुळासारखाच, कधी चढत नाही. रागानं बोलणारा माणूस एकवेळ परवडला, पण हा हळू आवाजात माणसाला घराबाहेर काढतो आणि वर 'भावनिक होऊ नका' म्हणतो.

आता यातली खरी गंमत ऐका. आमची वार्षिक सभा आखाडात असते. श्रावण लागायच्या आधी कोल्हापुरात घरोघरी मटण शिजतं, तोच मुहूर्त साधून आमची मंडळी सभा घेतात, म्हणजे हजेरी शंभर टक्के. आणि सभेनंतरचं जेवण दर वर्षी मावशीकडून. सेक्रेटरींनी सवयीनं महिनाभर आधीच तिला सांगून ठेवलं होतं. सत्तर माणसांचं. मग ठरावाचं ठरलं तेव्हा एकानं ग्रुपवर विचारलं, "अरे, जेवण तिच्याकडूनच आहे, बदलायचं का?" त्यावर उत्तर आलं, "नको नको, ऐनवेळी तिच्यासारखी चव कुठं मिळणार? फक्त तिला जेवणानंतर सांगा. आधी सांगितलं तर मिठाचा हात चुकायचा." खाली हसणाऱ्या तोंडांची चित्रं. मोजली नाहीत, पण अंगठा खूप वेळ सरकवावा लागला. मी वाचलं, फोन सोफ्यावर आपटला, नवऱ्याला म्हणाले, "माणसं हायत का कोण?" तो म्हणाला, "चेष्टेत लिहिलंय गं. लगेच पेटतीस तू."

सभेच्या आदल्या दुपारी मावशी आली. मागच्या दारानं. मी तिला मागच्या किचनमध्ये स्टुलावर बसवलं, पुढं दिवाणखान्यात नाही. तेव्हा मला हे जाणवलंही नाही, आता जाणवतं आणि स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

"वहिनी, इस्त्रीवाला म्हनत हुता, गाळा काडून घेनार हायत. खरं हाय काय वो?"

मी म्हणाले, "सभेत विषय हाय उद्या."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "खोलीवर चूल न्हाय मांडता येत मला. घरमालक एकच शेगडी ठिवू देतोय, मोठं पातेलं बघितलं तरी वराडतोय. ह्येंची पाट अशी. माझ्यासंगं दोगी बायका हायत भाकरी बडवायला, त्या माझ्या जिवावर आल्यात. गाळा गेला तर समदंच गेलं बगा. बाकी काय मागत न्हाय मी, करार तेवडा पुडं चालवा म्हनावं. वास येतोय तर चिमनी बसवतो. बाकडं आत घेतो."

"बरं."

"तुमी एक बोला. तुमी बोलला की आनी चार जनी बोलतील."

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, "बोलतो की. भिऊ नगंस. मी हाय न्हवं?"

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. उठता उठता म्हणाली, "मला तर वाटतंय काडनार न्हाईत. अवो, काडायचं असतं तर उद्याचं जेवान मला सांगितलं असतं व्हय? असं कोन करंल काय?"

असं कोण करेल काय! तिला कल्पनाच करता येत नव्हती. आणि मला कल्पना करायची गरजच नव्हती, माझ्या फोनमध्ये लिहिलेलं होतं. तेवढ्यावर तरी मी तिला सांगायला हवं होतं की, बाई, उद्याचं जेवण करू नकोस, चूलच पेटवू नकोस, बसू देत उपाशी सगळ्यांना. मी काय केलं? तिला चहा दिला.

सभा क्लबहाउसच्या हॉलमध्ये अकराला सुरू झाली. पोहण्याच्या तलावाच्या फरशीवर पाऊण तास चर्चा. कुत्री फिरवण्याच्या वेळांवर अर्धा तास. त्यात दोन जण एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी राहिले. आणि गाळ्याचा विषय? पाच मिनिटं! अध्यक्ष म्हणाले, "आपण भावनिक न होता विचार करू या. त्यांनी फार सेवा दिली, आपण कृतज्ञ आहोत. पण कॉलनी आता एका लेव्हलला आली आहे." मागच्या अंगणात मावशीनं पातेली आणून ठेवली होती. एसी चालू, खिडक्या बंद, तरी तांबड्या रश्शाचा वास हॉलमध्ये भरला होता. मी आजूबाजूला बघितलं. लोक आवंढे गिळत होते. खोटं सांगत नाही, आवंढे गिळत गिळत तिच्या वासाविरुद्ध माना डोलवत होते!

"कुणाचा विरोध आहे?" अध्यक्षांनी विचारलं आणि चष्म्यावरनं बघितलं.

मी मांडीवरचा हात उचलला. खरंच उचलला, वीतभर. शेजारी नवरा होता, त्यानं माझं मनगट धरलं. जोरात नाही. पुढच्या रांगेतनं अध्यक्षीणबाई नेमक्या तेव्हाच मागं वळल्या, माझ्याकडं बघून गोड हसल्या आणि कुजबुजल्या, "परवा ताईचा फोन होता हं. फोटो आवडलाय."

ताई म्हणजे त्यांची पुण्यातली बहीण. फोटो माझ्या मुलीचा. ताईच्या मुलासाठी आम्ही दोन महिने शब्द टाकून ठेवला होता. मुलगी एकोणतीसची, आणि माझा जीव त्या एका गोष्टीत अडकलेला. हात खाली आला. कुणी पाडला नाही, मीच खाली ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "एकमतानं मंजूर," आणि टाळ्या पडल्या.

त्या स्थळाचं पुढं काहीही झालं नाही. पोरीनं फोनवर दोन मिनिटांत नकार कळवला, म्हणाली, "आई, मला न विचारता माझे फोटो काय वाटत सुटलीस?" गाळा महिन्यात रिकामा झाला. आता तिथं काचेचं दुकान आहे, कॉलनीतल्या बायका तिथं बसून कॉफीच्या कपाचे फोटो काढतात. मावशी कागलच्या पुढं एका ढाब्यावर भाकऱ्या बडवते असं इस्त्रीवाल्याकडून कळलं. दुसऱ्याच्या चुलीवर. बरोबरच्या दोघींचं काय झालं ते त्यालाही माहीत नाही. मी एकदाही तिकडं गेले नाही. गाडी आहे, ड्रायव्हर आहे, रिकामा वेळ तर पोत्यानं आहे, तरी गेले नाही, कारण त्या दुपारी जेवताना जे झालं त्यानंतर मला तिथं जायला तोंड नाही.

टाळ्या संपल्या आणि लोक लगेच उठून टेबलांकडं गेले. भुका लागल्या होत्या ना, एवढं मोठं काम केलं होतं! क्लबहाउसच्या मॅनेजरला बजावलं गेलं, "भांडी आवरून झाल्यावर गाळा सोडायचं पत्र द्या तिला, आत्ता नको." मावशी स्वतः वाढायला आली. नवं लुगडं नेसली होती. कपाळाला घाम, हातात पांढऱ्या रश्शाचं भांडं, आणि प्रत्येकाला तिचं ते मोठ्या आवाजातलं, "घ्या की वो, लाजू नका, लई हाय." अध्यक्षांनी दोनदा पांढरा मागितला. वाटी तोंडाला लावून म्हणाले, "मावशी, तुमच्या हाताला तोड नाही." मनात म्हटलं, याच्या वाटीत आत्ता उठून पाणी ओतावं. ओतलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "मीठ अगदी बरोबर पडलंय हं," आणि तीन टेबलांवर हशा उसळला. मावशीही हसली. तिला वाटलं, कौतुक चाललंय.

जेवण कसं झालं होतं म्हणून सांगू! तिनं असा रस्सा आधी कधी केला नव्हता. जीव ओतून केला होता. गाळ्याचा निकाल त्या पातेल्यावर लागणार आहे असं समजून केला होता.

वाढत वाढत ती माझ्या टेबलाशी आली. भांडं टेबलावर टेकवलं, माझ्या खांद्याशी वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या बारीक आवाजात विचारलं. इतक्या वर्षांत मी तिचा बारीक आवाज त्या एकाच वेळी ऐकला.

"वहिनी, बोलला न्हवं माझ्यासाठनं?"

समोर अध्यक्षीणबाई बसल्या होत्या. नवरा मान खाली घालून भाकरी चुरत होता. मला 'न्हाय' म्हणता आलं असतं. एकच शब्द होता. 'न्हाय मावशी, न्हाय बोललो, भ्यालो.' ती मला दोन शिव्या देऊन गेली असती. मला त्या शिव्या हव्या होत्या, आजही हव्या आहेत.

मी म्हणाले, "व्हय."

तिचे डोळे भरून आले. पदरानं पुसले. मागं वळून सुक्क्या मटणाचं भांडं ओढलं, पळी तळापर्यंत घातली, हलवून हलवून शोधली आणि भांड्यातली सगळ्यात मोठी, मगजानं भरलेली नळी माझ्या ताटात घातली. अध्यक्षांना नाही, सेक्रेटरींना नाही. मला. "खावा," म्हणाली, "तुमच्यासाठनं ठेवलीती." आणि मी खाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

मी ती फोडली, चोखली, आणि ती कसं झालंय विचारत होती म्हणून वर मान करून सांगितलं, छान झालंय.